फोटोपुरता धूर

"काहीच दिसत नाहीये," फोटोग्राफर कॅमेऱ्याआडून कुरकुरला. खरंच होतं ते. स्वच्छ हवेतून जाणारा लेझर दिसत नाही, आणि प्रयोगशाळेतली ही खोली स्वच्छ ठेवण्यात लेझर सांभाळणाऱ्या बाईंची हयात गेली होती. सगळे त्यांना दिवाबत्ती म्हणत.

जाड भिंतीपलीकडच्या भट्टीतून किरणोत्सारी अणूंची सरमिसळ बाहेर पडायची. बाईंचे तीन रंगांचे लेझर त्यातले फक्त कथलाचे अणू हेरून त्यांच्यावर विद्युतभार चढवायचे, आणि मग त्यांचा झोत प्रयोगाकडे वळवता यायचा. रंग तसूभर चुकला की अणू ढिम्म. या झोतासाठी पीएचडीची एक पोरगी तीन वर्षं थांबली होती. तिचा नंबर आज संध्याकाळी होता; सकाळी यंत्र दुसऱ्यांच्या ताब्यात जायचं होतं.

संचालकसाहेबांना मात्र पाहुण्यांबरोबर फोटो हवा होता. त्यांनी नाटकातलं धुराचं यंत्र मागवलं. तो धूर तेलकट असतो, आरशांवर बसला की लेझरने जळतो आणि आरसा वाया जातो, हे बाईंनी सांगून पाहिलं.

"पुसून घ्या की. तुमचं कामच आहे ते," साहेब हसले. पाहुणेही हसले.

धुराच्या यंत्राचं बटण शेवटी बाईंनीच अंगठ्याने दाबलं. गोडसर, चिकट धूर पसरला आणि त्यात हिरवी, पिवळी, तांबडी रेघ उजळली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी कथलाचा झोत आलाच नाही. आरशांच्या मधोमध तपकिरी डाग पडले होते. शिलकीत होते तेवढे आरसे बदलून झाले, बाकीचे बाई पुसत राहिल्या. पोरगी शेजारी कापूस धरून उभी होती, अगदी सकाळी दुसरे लोक येईपर्यंत. नंतरच्या बैठकीत साहेबांनी 'तांत्रिक बिघाड' म्हणून हात झटकले आणि बाईंकडे पाहिलं. बाईंना त्यांची किळस आली. त्याहून जास्त स्वतःच्या मानेची, जी तेव्हा होकारार्थी हलली होती.

फोटो मुख्य दाराशी लागला, भिंतभर. शिष्यवृत्ती संपलेली पोरगी निरोप घ्यायला आली तेव्हा दोघी त्याच्याखाली उभ्या राहिल्या.

"छान आलाय हो ताई," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

फोटोच्या कोपऱ्यात धुराच्या यंत्रावर एक अंगठा दिसत होता. पोरीने बाईंचा तोच हात दोन्ही हातांत धरला, दाबला आणि ती गेली. बाई तो हात अंगापासून लांब धरून नळाकडे निघाल्या.