घुंगुरकाठीला कळलेलं दुखणं

मित्रांनो, जरा मान वर करून आढ्याकडे बघा. जुन्या इरल्याच्या शेजारी, कोळिष्टकांत खोचलेली, ती मी. मी डाकेची घुंगुरकाठी आहे. माझी निम्मी घुंगरं गळाली, उरलेली काळवंडली. पण एके काळी माझा आवाज आला की परंदवडीच्या बायका चुलीवरची भाकरी तशीच टाकून दारात येत.

मी वेळूच्या बेटात वाढले. सोमाटण्याच्या सुतारानं मला तासलं, घुंगरं बांधली आणि मी रखमाजीच्या खांद्यावर चढले. रखमाजी म्हणजे आमचा डाकवाला. तळेगाव ठेसनावर आगगाडीतून उतरलेली पत्रांची थैली माझ्या टोकाला अडकवायची आणि धावत सुटायचं, सोमाटण्याला आणि तिथून परंदवडीला. तो कधी चालत नसे. चालत आली ती डाक कसली, असं म्हणून स्वतःच हसे.

शिवाय रखमाजी पायाळू होता. जन्मताना ज्याचे पाय आधी येतात, तो पायाळू. पाठीत उसण भरली की लोक पायाळूकडे जातात. तो दुखऱ्या जागी हळूच लाथ लावतो आणि उसण जाते म्हणतात. जात होती की नाही, ते मला ठाऊक नाही. पण वाकून आलेली माणसं ताठ होऊन जाताना मी पाहिली आहेत. रखमाजी आधी त्यांच्या पाया पडे आणि मग पाय लावी. "पाय लागतोय, राग मानू नगा," असं दर वेळी म्हणे. असा माणूस होता तो.

मग आमच्या मातीच्या गाडीवाटेवर खडी पसरली आणि तिच्यावर रूळ फिरला. काय आनंद झाला सगळ्यांना! चिखल गेला, धूळ गेली. रखमाजी तर म्हणाला, "आता डाक वाऱ्यावर जाईल." मीही खूश झाले. चांगल्या रस्त्यावर कोण कशाला संशय घेईल?

थोड्याच दिवसांत त्याची उजवी नडगी दुखू लागली. आधी घरी पोचल्यावर दुखे, नंतर धावायला लागल्या लागल्या दुखे. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. माझी घुंगरं एका लयीत वाजायची, ती आता एक ठोका जोरात आणि एक दबकत वाजू लागली. तो उजवा पाय चोरत होता. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

गावाला तोंडं होती आणि सगळी बोलली. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं नजर लागली. गेणू तेली तेल घेऊन आला, तेही चोळून झालं. रखमाजी सगळं करी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावे.

तेवढ्यात पवना नदीला पूर आला. वाट बंद, डाक बंद. रखमाजी घरात बसून राहिला आणि त्याचं दुखणं ओसरलं. त्याची बायको झुंबरबाई मोठी विचारी. ती चुलीपुढे बसून डोकं चालवत होती. एकदम म्हणाली, "अवो, मला उमगलं! पुरानं कोण उसणवाला आला न्हाई, म्हनून पाय दुखायचा ऱ्हायला. लोकांच्या उसणी तुमच्या पायात भरत्यात."

पुरानं माणसं आली नव्हती, हे खरं. पण पुरानं रखमाजी धावलाही नव्हता! हे माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पूर ओसरला. झुंबरबाईनं माणसांना दार बंद केलं. शेजारची सरुबाई कमरेवर हात ठेवून वाकत वाकत आली, तिलाही तिनं उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. रखमाजी आत मान खाली घालून बसला होता. मग मला उचलून तो तळेगावला गेला आणि पुन्हा त्या खडीवरून धावू लागला. पाय पहिल्यापेक्षा जास्त दुखू लागला. "जुन्या उसणी निघायला येळ लागंल," असं झुंबरबाई त्याला समजावी. तिचा जीव तुटत होता, म्हणून ती असं म्हणे.

एका दुपारी, परंदवडी दिसू लागली तेव्हा त्याच्या नडगीत काडकन आवाज झाला. तो पडला, मी पडले, पत्रं खडीवर पसरली. त्याला उठता येईना. त्यानं आधी सरपटत पत्रं गोळा केली. मग मला हातात धरून जिवाच्या आकांतानं हलवलं. मी वाजले, मित्रांनो. आयुष्यात इतकी कधी वाजले नव्हते.

आणि पारावरची माणसं म्हणाली, "डाक आली." कुणी तंबाखू मळली, कुणी पाय पसरले आणि सगळे वाट बघत बसले. माझा आवाज म्हणजे डाक, दुसरं काही त्यांना माहीतच नव्हतं. मी मदतीला बोलावत होते आणि ते खुशीत बसले होते.

झुंबरबाई तिकडे शेतात खुरपत होती. बराच वेळ झाला, तेव्हा ती म्हणाली, "घुंगरं वाजत्यात, पर फुडं का येईनात?" खुरपं टाकून ती धावत आली.

त्याला आगगाडीनं लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. मलाही नेलं, कारण माझ्याभोवतीची त्याची मूठ सुटत नव्हती. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि मग ते म्हणाले, "हाडाला आधीच बारीक चीर गेली होती, बाई. कठीण रस्त्यावर रोज आदळून ती वाढत गेली. काही आठवडे हे नुसते बसून राहिले असते तर आपोआप भरून आली असती."

"बसलं हुतं की!" झुंबरबाई म्हणाली. "पुरात बसलं हुतं, तवाच बरं वाटलं हुतं... आन् म्या लोकांवर घातलं." पदर तोंडात कोंबून ती रडली.

हाड सांधलं, पण वाकडं. डाक दुसऱ्याकडे गेली, तो सायकलवरून येऊ लागला. रखमाजी ओटीवर पाय पसरून बसू लागला. एकदा सरुबाई समोरून वाकत निघाली, तेव्हा त्यानं हाक मारली, "सरुबाय, ये गं. पाय लावतो."

ती थांबली. त्या वाकड्या पायाकडे बघत म्हणाली, "नगं भाऊ. तुमच्या पायाला लय तरास झालाय. ऱ्हाऊ द्या."

ती तशीच वाकत गेली. रखमाजीनं पाय हळूच आत ओढून घेतला. त्यानंतर त्यानं कुणाला हाक मारली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी पाय चोळत असेल तर लगेच तेल आणायला धावू नका. आधी विचारा, कधीपासून दुखतंय, तेव्हा काय नवं घडलं, कशानं थांबतं? आणि मग हाताला धरून म्हणा, जरा बस. औषधं सगळ्यांनी दिली, पण एवढे दोन शब्द माझ्या रखमाजीला कुणीच म्हटले नाहीत.