लिहायचं जा, म्हणायचं या

"जिना वरून खाली झाडायचा असतो, हेर सबनीस," फ्राऊ बॉयर्ले खालच्या दारातून म्हणाल्या, आणि श्यामकांतचा झाडू तिसऱ्या पायरीवर थबकला.

दोन वर्षं तो हा जिना झाडत होता. जर्मनीतल्या त्या गावात भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा असतो, आणि पाळी चुकली तर गावभर बोभाटा होतो. मिरजेच्या घरी ज्याने कधी केरसुणीला हात लावला नाही, तो श्यामकांत इथे कोपऱ्यांतली धूळसुद्धा बोटाने काढायचा. पण आज त्याचं डोकंच जाग्यावर नव्हतं.

उद्या रविवारी गाव मतदान करणार होतं. गावातल्या खासगी इंजिनिअरिंग शाळेला नगरपालिकेने दरसाल मदत द्यावी की नाही, एवढाच प्रश्न. मदत नाकारली तर उन्हाळ्यात शाळेला कुलूप, हे डायरेक्टरसाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. श्यामकांतचं एकच वर्ष उरलं होतं. दुसरीकडे गेला तर पुन्हा श्रीगणेशा. सांगलीच्या कॉलेजातून तो एकदा अर्धवट परत आला होताच. आता जर्मनीतून अर्धवट गेला तर मिरजेत तोंड कुठे लपवायचं? निघताना वडिलांनी अख्खी गल्ली स्टेशनवर आणली होती, हारतुऱ्यांसकट.

आणि गंमत अशी, की ज्यांच्या घरात तो राहत होता त्या फ्राऊ बॉयर्लेच विरोधात. त्यांची नात प्राथमिक शाळेत होती. तिच्या वर्गाचं छप्पर गळायचं, पोरं बादल्यांच्या मधे बसून पाढे म्हणायची. "आधी छप्पर, मग इंजिनिअर," असं बाई बेकरीत उभ्या राहून सगळ्यांना सांगायच्या. बरं, त्यांचं चुकतंय म्हणावं तर तेही म्हणता येईना. हीच तर पंचाईत होती.

जिना संपतोय तोच दत्तात्रय नवरे दारात उभा. हा मूळचा पुण्याचा, बॉबलिंगेनला कारखान्यात नोकरीला. काखेत पोस्टरांची गुंडाळी होती, शाळेने वाटायला दिलेली. एक उलगडून त्याने भिंतीला धरलं. हातभर उंचीची दोन अक्षरं होती, जे आणि ए.

"काय रे, गावाने तुला 'जा' म्हणून सांगितलंच की. तेही इतक्या मोठ्या अक्षरांत."

"जा नव्हे, या. याचा उच्चार 'या' आहे. म्हणजे हो," श्यामकांत म्हणाला.

"ते ठाऊक आहे रे. लिहायचं जा आणि म्हणायचं या. आमच्या पुण्यात उलटं. तोंडाने या म्हणतात, आणि पाहुण्याने जा असं समजून घ्यायचं असतं."

श्यामकांतला हसू फुटलं. चार दिवसांत पहिल्यांदा.

"आल्झो, म्हणजे असं बघ," दत्तात्रय आवाज खाली आणून म्हणाला, "म्हातारीला एकदा विचारून तर बघ. तुझ्यावर जीव आहे तिचा."

"मत कसं मागायचं रे? त्यांना त्यांची नात आहे."

"तू असाच राहा. देव तुझं भलं करो."

संध्याकाळी खानावळीच्या मोठ्या हॉलमध्ये शेवटची सभा होती. गाव लोटलं होतं. फ्राऊ बॉयर्ले पहिल्या रांगेत, काळी पर्स मांडीवर घेऊन. हेर कोल्ब नावाचे खाटीक उठले. माणूस गडगडाटी, पण मनाचा वाईट नव्हे.

"परदेशी पोरं इथे शिकणार आणि निघून जाणार. मग आमच्या पैशाचं काय?" असं विचारून ते खाली बसले.

डायरेक्टरसाहेबांनी श्यामकांतला ढकलूनच व्यासपीठावर चढवलं. त्याने आठ दिवस भाषण घोकलं होतं. समोर एवढी डोकी बघितली आणि सगळं जर्मन पार उडालं. इथे मला चांगलं शिकवतात, माणसं चांगली आहेत, एवढं कसंबसं म्हणून त्याने हात जोडले आणि म्हणाला, "इश कोमं."

म्हणजे, मी येतो. आणि उतरायला लागला.

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोल्ब म्हणाले, "कुठे येतोस बाबा? तू तर चाललास."

झालं होतं असं की घाबरलेल्या श्यामकांतने मिरजेचा निरोप जसाच्या तसा जर्मनमध्ये घेतला होता. कानशिलं तापली, पण त्याने समजावून सांगितलं. आमच्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, ते अशुभ. 'येतो' म्हणायचं. हॉल खदखदून हसला. हसणं प्रेमाचं होतं. मागून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

कोल्बही हसले. "मग भारतात कायमचा निघालास की तेव्हाही 'येतो'च म्हणणार?"

"हो."

"आणि खरंच येशील?"

पहिल्या रांगेमागून दत्तात्रय डोळ्यांनी खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. सगळं गाव त्या एका शब्दाची वाट बघत होतं. श्यामकांतला मिरज आठवलं, आई आठवली.

"बहुधा नाही," तो म्हणाला.

डायरेक्टरसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. बाहेर पडल्यावर दत्तात्रयाने कपाळावर हात मारून घेतला. "गाढवा, एक 'हो' म्हणाला असतास तर काय जीभ झडली असती? हरिश्चंद्राचा अवतार."

रविवारी फ्राऊ बॉयर्ले चर्चमधून परस्पर मत देऊन आल्या आणि बटाटे सोलायला बसल्या. श्यामकांत दिवसभर खोलीत येरझाऱ्या घालत होता. संध्याकाळी दत्तात्रय धापा टाकत आला. निसटत्या मतांनी का होईना, पण 'या' जिंकलं होतं. दोघे मिठी मारून नाचले, पण पायांतले बूट काढून, कारण खाली बाई होत्या आणि आज त्या हरल्या होत्या.

दत्तात्रय बस पकडायला पळाला. श्यामकांत त्याला पोचवून वळला, तर जिन्याच्या तळाशी फ्राऊ बॉयर्ले उभ्या. त्यांनी ताठ हात पुढे केला.

"अभिनंदन, हेर सबनीस. तुम्ही राहणार याचा मला आनंद आहे. पण मी 'या' नव्हे, 'नाइन' दिलंय, हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळायला हवं."

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला.

"इतर बायका म्हणतात, कशाला सांगतेस, पोराला वाईट वाटेल. पण काल अख्ख्या गावासमोर तुम्हाला खोटं बोलता आलं नाही. मग मी माझ्याच घरात कसं बोलू?"

श्यामकांतला भरून आलं. इतक्या दूर येऊन कुणी त्याच्याशी असं घरच्यासारखं बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. काही सुचायच्या आत तो वाकला आणि त्याने त्यांच्या पायांना हात लावला.

"काय पडलं?" त्या दचकून म्हणाल्या. आणि गुडघ्यावर हात रोवत, कण्हत, त्याही खाली बसल्या आणि जिन्याखालच्या अंधारात चाचपून शोधू लागल्या. "नाणं होतं की किल्ली? बोला ना, हेर सबनीस, काय हरवलं?"

त्यांच्या शेजारी गुडघे टेकून तो फरशीवरून उगाचच हात फिरवत राहिला.

"सापडलं," तो म्हणाला, आणि हाताला धरून त्याने त्यांना सावकाश उठवलं.