नानांचा फोकस

पहूरजवळच्या माळावर आकाशदर्शन क्लबची मंडळी जमली आणि मोहिनीने नानांची दुर्बीण उभी केली. तिचे वडील नाना गेल्यानंतर ती आज पहिल्यांदाच पेटीबाहेर निघाली होती. मोहिनीला शनी धूसर दिसला. नाना चष्मा काढून बघत. फोकस अजून त्यांच्याच डोळ्याला लावलेला होता.

"थोडा शनी आम्हालाही ठेव गं," मागून हेमराजभाऊ म्हणाले. "दिसत नसेल तर चाकी फिरव."

"नानांना हे असंच स्वच्छ दिसायचं, भाऊ. फिरवलं की गेलं."

मग रांगेत कोणी घाई केली नाही. मोहिनी त्या पुसट ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिली. शेवटी तिनेच चाकी फिरवली. शनीभोवतीचं कडं लख्ख दिसू लागलं.

"या भाऊ," म्हणून ती बाजूला झाली.