झेंड्यांतली लाल रेघ

टोर्किलनं मॉनिटर कॅमेऱ्यावर चढवला आणि लोनेच्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या कॅलेंडरवर रोखला. तारखा काही केल्या दिसेनात. हिवाळ्यापासून उजव्या डोळ्याच्या मधोमध एक करडा डाग ठाण मांडून बसला होता, आणि आता डावाही त्याच वाटेनं निघालेला. बायकोलासुद्धा त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. लग्नं चित्रित करणारा माणूस आंधळा होतोय म्हटल्यावर कोण कुत्रं विचारणार?

पण धंदा गेला खड्ड्यात. शनिवारी पुतणीचं, मायकेनचं लग्न होतं. तिचा बाप आक्सेल म्हणजे टोर्किलचा थोरला भाऊ. कॅन्सरनं त्याचं पार चिपाड झालं होतं, येता नाताळ काही तो बघत नव्हता. जन्मात त्यानं धाकट्याकडे काही मागितलं नाही. या वेळी मात्र म्हणाला, "माझं भाषण तेवढं नीट घे. पोरीकडे राहील."

"लहान मॉनिटर घ्या, हलका आहे," लोने म्हणाली. "टेबलाखाली रांगायचं असतं तुम्हाला."

खरंच होतं. डॅनिश लग्नात पाहुण्यांनी पाय आपटले की नवरा-नवरी टेबलाखाली शिरून मुका घेणार, आणि कॅमेरावाला त्यांच्या मागोमाग.

"मोठा दे. सगळ्यात उजळ असेल तो."

"वीट आहे ती. मान धरेल."

"धरू दे."

तिनं एक बटण दाबलं. पडद्यावर जे अगदी स्पष्ट असेल त्याच्या कडेनं रंगीत रेघ उमटायला लागली. टोर्किलनं आपल्या जुन्या लेन्सचं कडं हातानं फिरवलं, तशी कॅलेंडरच्या चौकटीला रेघ चिकटली. ती त्यालाही दिसली, आणि त्याच्या जिवात जीव आला.

"रंग कुठला ठेवू? लाल, हिरवा, निळा?"

"लाल. डॅनिश माणसाला दुसरा रंग सुचतो होय?"

शनिवारी जेवणाच्या मांडवात टेबलभर लाल-पांढरे कागदी डॅनिश झेंडे लावले होते. लावणारच. आपल्या डेन्मार्कात मांजराचा वाढदिवस असला तरी झेंडे निघतात. आक्सेल टेबलाला धरून उभा राहिला. टोर्किलनं कडं फिरवलं, समोर लालच लाल झालं, आणि भाऊ सापडला म्हणून तो निश्चिंत झाला. आक्सेल बोलत होता, लोक डोळे पुसत होते. शेवटी सगळ्यांनी उठून 'हुर्रा'चा गजर केला.

लोक सूप प्यायला बसल्यावर त्यानं घेतलेलं चित्रण लावून पाहिलं. झेंडेही लाल, रेघही लाल, शंका आली म्हणून रेघेचा रंग हिरवा केला. हिरवी रेघ पुढच्या झेंड्यांभोवती नीट फिरली होती. आक्सेलच्या तोंडावर एकही नव्हती. सबंध भाषणभर झेंडेच स्पष्ट, भाऊ धूसर.

वर पाहतो तर आक्सेलची खुर्ची रिकामी. दम लागला म्हणून ग्रेटेवहिनी त्याला घरी न्यायला निघाली होती. टोर्किल कॅमेऱ्यासकट धावत सुटला आणि त्यानं गाडीच्या काचेवर थापा मारल्या.

"काय झालं?" आक्सेलनं काच खाली केली. "नीट आलं ना?"

हो म्हणणं सोपं होतं. ओठांवर आलंही होतं.

"नाही आलं. वाया घालवलं मी. मला दिसत नाही रे आक्सेल. डोळे गेलेत माझे."

"गाढवा, मग सांगायचं नाही?" आक्सेल म्हणाला, आणि मग ग्रेटेला, "इंजीन बंद कर."

"मोजायची फीत आहे खिशात," टोर्किल म्हणाला. "पूर्वी असंच करायचो. अंतर मोजायचं, लेन्सवर तो आकडा लावायचा. बघावं लागत नाही."

आक्सेलनं दार उघडून पाय बाहेर काढले. टोर्किलनं कॅमेऱ्यापासून फीत ताणून तिचं टोक त्याच्या गालाच्या हाडाशी टेकवलं. भावाच्या तोंडाला त्याचा हात लहानपणच्या मारामाऱ्यांनंतर आज लागत होता. नुसतं हाडच राहिलं होतं. फितीवरचा आकडा वहिनीनं वाचला आणि लेन्सवर लावून दिला.

कॅमेरा सुरू झाला. मॉनिटरच्या मधोमध, जिथे भाऊ होता, तिथे टोर्किलला फक्त करडा डाग दिसत होता.

"सगळं परत बोलायला दम नाही," आक्सेल म्हणाला. "शेवटचं तेवढं बोलतो. दिसतोय का मी?"

"पोरीला दिसशील."

"मग रडू नकोस. कॅमेरा हलेल."