फोटोत पांढरा आलेला झेंडा

अरे ऐका ना, हसू नका, माझं डोकं अजून ठणकून राहिलंय. आमच्या वस्तीतल्या नव्या समाजमंदिराचं उद्या उद्घाटन हाय, अन् भिंतीवर जयंतीचा फोटो लागणार. मधी आमचे आबा, हातात निळा झेंडा. छप्पन साली दीक्षा घेतली तवापासून दर जयंतीला झेंडा धरतेत ते आमचे केरबा आबाच, पण त्यांचा फोटो आजवर कुणी काढलाच न्हाई. यंदा म्हणले, मरायच्या आधी एक तरी राहू द्या भिंतीवर.

तर गुरुपादप्पा स्टुडिओवाल्यानं काढला, साधा काळा-पांढरा. आज सकाळी आणायला गेलो, बघतो तर काळपट यायचा तो झेंडा पांढरा. धुतल्या धोतरावानी. माझा लाल शर्ट काळाकुट्ट, अन् साहेबरावमामा पान खाऊन उभा होता, त्याच्या तोंडात तर डांबर.

म्हणलं, "अप्पा, हे काय करून ठेवलं?"

"फिल्मच तशी रे. नेहमीची आली न्हाई, मग छापखान्यातली घातली. तिच्यावर फोटो उठवणारा मसाल्याचा थर असतो, त्याला लाल दिसतच न्हाई, म्हणून तर लाल बत्तीत धुता येते. अन् निळं त्याला उजेडच वाटतंय, म्हणून ते पांढरं येतंय."

"मग आधी सांगायचं ना."

"तू इचारलं का?"

आता बोला. घरी नेला तर आबानं लई वेळ बघितला अन् म्हणले, "आपण कुणाला शरण गेलो का रे?"

मग आबाला घेऊन परत स्टुडिओ. अप्पा म्हणे, "सोप्पं हाय केरबा. तुमचा एकट्याचा पुन्हा काढू. हातात लाल लुगडं धरा, फोटोत काळपट येतंय. बघणारा निळंच समजतो."

"अन् मी काय समजू?"

"फोटोत कुठं कळतंय?"

"धरणाऱ्याला कळतंय."

मी येडा मधीच बोललो, "आबा, धरा की, काय फरक पडतो." आबानं माझ्यावर डोळे वटारले. मग त्यांनीच अप्पाला इचारलं, "ह्याच्यावर रंग बसतो का?"

"बसतो. कागदावरचा मसाला ओला झाला की फुगतो, शाई पितो. पण पाणी तुम्ही आणा. माझ्याकडं प्यायलाच न्हाई."

पाणी आणायला कोण? मीच. आपलं गाव जिल्हा झालं म्हणून पेढे वाटले, नळाला मात्र नुसता वारा येतो. टँकरच्या रांगेत धुरपताकाकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणती, "लेकरं तहानलीत अन् हा फोटोला आंघोळ घालून राहिला." मान खाली घालून भर उन्हात बादली नेली, तर अप्पा त्यात बोट घालतो अन् म्हणतो, "चहा करायचा का ह्याचा?"

"आता काय झालं?"

एक बिघडलेली कॉपी होती, ती त्यानं बादलीत टाकली. थोड्या वेळानं, आईशप्पथ, कागद खाली बसला अन् फोटो दुधावरच्या सायीवानी सुटून वर आला. साहेबरावमामाचं तोंड बादलीत तरंगून राहिलं.

"ऊन पाण्यात मसाला ढिला पडतोय," म्हणे. "गार कर."

पुन्हा दुसरी बादली, पुन्हा काकूची बोलणी. ते पाणी माठात ओतून बसलो वाट बघत. गार झालं तवा चांगला फोटो भिजवला. आबानं घरून आणलेली माझीच निळ्या शाईची दौत घेतली, काडीला कापूस गुंडाळला अन् झेंड्यावर टेकवला. नाक फोटोला लागेल इतके वाकले. म्हणलं, "आबा, अप्पाला द्या, तो करील."

"झेंडा माझ्या हातात हाय ना? मग मीच करतो."

शाई मसाल्यात अशी उतरली, अशी उतरली, झेंडा निळा झाला. अन् काडी उचलताना एक थेंब शेजारच्या माणसावर पडला. शेजारी कोण? मीच. सगळा कान निळा. मी पुसाया गेलो तर अप्पानं हात धरला, "आत गेली ती. आता निघत न्हाई."

"आबा, दुसरी कॉपी काढू ना."

"पाणी तू आणशील?"

मी बादली पालथी घालून ठेवली.

आबानं फोटो लांब धरला, जवळ धरला. "आता बरोबर हाय," म्हणले, अन् फुंकर मारून मारून वाळवत बसले.

तर उद्या या सगळे. अन् कुणी माझ्या कानाकडं बोट दाखवलं ना, तर बघा.