नागाबाईचं मत

लोह्याजवळच्या त्या गावात उभी बाटली की आडवी, असं मतदान झालं. मत फक्त बायकांचं. आडवी जिंकली की शिवमूर्तीचं देशी दारूचं दुकान बंद. आडवीसाठी गुणाबाईनं एकही उंबरा सोडला नव्हता. तिच्या पोराची, बजरंगची, सकाळ आताशा त्याच दुकानाच्या बाकड्यावर उजाडत होती.

शाळेत पेटी उघडली. आडवीचा ढीग, उभीच्या जेमतेम मूठभर चिठ्ठ्या. गुणाबाईसोबत फिरलेल्या नीलम्मानं गुलालाची पुडी सोडली.

"थांबा," दारूबंदी खात्याचे साहेब म्हणाले. "यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. थोडक्यात हुकलं. दुकान चालू राहील."

"पुडी सोडलीच हाय तर गुलाल मलाच लावा की मावशी," शिवमूर्ती दारातून हसला.

गुणाबाईनं यादी ओढली. कोण लग्न होऊन लातूरला, कोण ऊसतोडीला. अन् ही नागाबाई! "सायेब, ही तर मेली. हिच्या दवाखान्याचा पैका नवऱ्यानं त्याच दुकानात घातला. ही बाटलीच्या बाजूनं?"

"नाव कमी करून घ्यायचं होतं," साहेब म्हणाले.

ते खरंच होतं. तेराव्याच्या बुंदीत गाव हयगय करत नाही. पण मेलेल्या बाईसाठी तहसिलीत खेटे कोण घालणार? शिवाय नाव गेलं की रेशन कमी होईल, ही धास्ती.

"अन् आमदाराला लागती का निम्मी यादी? त्याच्या टायमाला घरी बसलेली बाई त्याच्या विरोधात धरता का?"

"कायदा मुंबईचा आहे, बाई. वर्षानं पुन्हा मागणी करा."

"म्हंजी आमदाराला मुंबईला धाडायचं तर आलेल्यांची मतं पुरतात. अन् आमच्या गावातलं आम्ही ठरवायचं, तर मेलेल्यांनी बी यायचं!"

ती तडक दुकानावर गेली. बाकड्यावर नागाबाईचा नवरा अण्णाराव, शेजारी बजरंग, मध्ये बाटली.

"भावजी, नागाबाईनं आज ह्या दुकानाला मत दिलं."

"तिनं? ती कशी दील?"

"रेशनपायी यादीत जित्ती ठिवली ना तुम्ही. म्हणून."

अण्णारावचा पेला तोंडाशीच थांबला. पेला खाली ठेवून तो म्हणाला, "उद्या जातो लोह्याला, तहसिलीत."

"मीच नेते. शुद्धीत राहा."

"माय, एवढ्यानं दुकान बंद होतंय व्हय?" बजरंगनं दात काढले.

"वर्सानं होतंय." तिनं बाटली उचलली आणि बाकड्यावर आडवी ठेवली. दारू बजरंगच्या मांडीवरून खाली गळू लागली.

"ओ मावशी, तिचे पैसे कोण देणार?" गल्ल्यावर परतलेला शिवमूर्ती ओरडला.

"नागाबाईच्या नावावर मांड," गुणाबाई वळून म्हणाली. "यादीत हाय अजून ती."