दहा इंचांचं पातं

तो सुरा मी कुशालनगरहून आणला होता. जाड पातं, शिंगाची मूठ, कातडी म्यान. डोंगरात झुडपं तोडायला बरा पडेल, असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे तो कमरेला लावून फोटो काढायची मला हौस होती.

तुकोजीमामांनी तो हातात घेतला, खिशातली टेप काढून मोजला आणि परत दिला. "दहा इंच आहे वनजा. नऊच्या वर गेलं की परवाना लागतो. घरात भाजी चीर, कोण काही म्हणत नाही. रस्त्यावर नको."

"आपण ट्रेकला चाललोय मामा, भांडायला नाही."

"ते तुला न् मला ठाऊक. पोलिसाला कसं कळणार? त्यात निवडणूक आलीय, सगळीकडे तपासणी. दोर कापायला माझा लहान चाकू पुरे."

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. मंडी मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहायचे. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर एका खासगी शाळेच्या मुलांना दर रविवारी डोंगरावर न्यायचे. दोर बांधायला, कड्यावर पाय कुठे ठेवायचा ते पाहायला मीही त्यांच्याकडूनच शिकले.

त्या रविवारी आम्ही दोघंच नंजनगूडच्या पलीकडची एक वाट पाहायला निघालो. निघताना मामा पाण्याच्या बाटल्या भरायला आत गेले, तेवढ्यात मी सुरा त्यांच्या मोठ्या पिशवीत दोराच्या वेटोळ्याखाली सरकवला. माझ्या पिशवीत तो मावत नव्हता. वर पोचल्यावर काढून दाखवू, मग हसतील, असं वाटलं.

नंजनगूडच्या अलीकडे पोलिसांनी बस थांबवली. एकेकाचं सामान उघडत एक फौजदार आमच्यापर्यंत आला. दोर बाजूला केला आणि सुरा वर काढला. 

"यारदु इदु?" त्याने कन्नडमध्ये विचारलं, कोणाचा हा?

मामांनी सुऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एकदाच. त्याच आठवड्यात वनखात्यातल्या माझ्या नोकरीसाठी पोलीस चौकशी व्हायची होती. मामांना ते माहीत होतं. अर्ज त्यांनीच माझ्याकडून भरून घेतला होता. मी तोंड उघडलं. आवाज आला तो मामांचा.

"नन्नदु, सार." माझा.

"शेताला चाललात?"

"नाही. डोंगर चढायला."

फौजदाराने पट्टी मागवली. तो माणूस उर्मट नव्हता. "एवढं मोठं कशाला आणलंत, यजमान्रे?" एवढंच आदराने म्हणाला आणि मामांना खाली उतरवलं. मीही उतरायला उठले, तर मामा मराठीत पुटपुटले, "गप बस. घरी जा." मी बसले. बस निघाली. पुढच्या थांब्यावर उतरून परत यायला मला किती वेळ लागला असता? मी उतरले ती थेट नंजनगूडला, आणि तिथून दुसरी बस धरून घरी आले.

मामांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. किरकोळ दंडावर प्रकरण मिटलं, पण शाळेला बातमी लागली. हत्यार बाळगल्याचा खटला झालेल्या माणसाबरोबर मुलं कशी पाठवायची? रविवार बंद झाले.

"मी जाऊन खरं सांगते," मी त्यांना म्हटलं.

"नको. झालं ते झालं."

ते नको म्हणतील हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी विचारलं होतं.

मला नोकरी लागली. जंगलात शिरणाऱ्यांच्या पिशव्या तपासायचं काम अधूनमधून माझ्याच वाट्याला यायचं. कोणाच्या पिशवीत कोयता निघाला की मी विचारायची, "कोणाचा?" आणि उत्तर ऐकताना मला समोरच्याकडे बघवायचं नाही.

दीड वर्षाने मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका गिरिजाबाईंसमोर उभी राहून सगळं सांगितलं, सुरा पिशवीत कोणी घातला तेही. लेखी देते म्हणाले.

त्यांनी विचारलं, "तुमच्या नोकरीचं?"

"जे होईल ते होऊ दे."

"मग दीड वर्ष का थांबलात?"

 मी कागद लिहून दिला. एक प्रत माझ्या साहेबांना दिली. खात्याने चौकशी लावली आहे. ती अजून चालू आहे.

गिरिजाबाई स्वतः मंडी मोहल्ल्यात येऊन मामांना परत शाळेत घेऊन गेल्या. संध्याकाळी मामा आमच्या दारात आले, आत आले नाहीत.

"तुला कोणी सांगायला सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मी तुझ्यासाठी खोटं बोललो, वनजा. त्याचा मला त्रास नव्हता. तू माझ्या पिशवीत न सांगता घातलंस, आणि बसमध्ये बसून राहिलीस. ते माझ्या मनातून अजून जात नाही."

"माफ करा मामा."

"बघू," म्हणाले आणि गेले.

आता रविवारी सकाळी त्यांच्या दाराशी मुलं जमतात. मी खिडकीतून त्यांचा गलका ऐकते. मामांनी मला बोलावलेलं नाही, आणि येऊ का असं विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.